जळलं ते आपलं

वाफेबरोबर बारकीचा वास आला आणि इस्त्रीवालीचा हात थांबला. थांबला आणि तसाच वर उचलला गेला, कारण थांबलेली इस्त्री काय करते हे इतक्या वर्षांनी हाताला डोक्याच्या आधी कळतं. शर्ट चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलीचा. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात म्हणून त्या चौथ्या मजल्यावरच्या बाई. त्यांना दुसरं नाव असलंच तर दुकानात कुणी विचारलं नव्हतं. पांढरा शर्ट, खिशावर शाळेचं निळं चिन्ह, आणि त्याच्याबरोबर निळा चुण्यांचा स्कर्ट, असा जोड परवा धुऊन आलेला. टेरिकॉटला थेट इस्त्री सोसत नाही, म्हणून तिनं नेहमीसारखं ओलं फडकं पसरलं होतं आणि कोळशाची जड इस्त्री पाठीवरून फिरवली होती. वाफ उठली आणि त्या वाफेतून स्वतःच्या पोरीचा वास नाकात शिरला. तेलाचा नाही, साबणाचा नाही. मानेमागचा, झोपेतून उठल्यावर येतो तो, जरासा आंबूस, जन्माच्या दिवसापासूनचा. धुण्यात दडलेलं इस्त्रीखाली वर येतं, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. घाम, विडी, दुसऱ्या बाईचं अत्तर, सगळं वर येतं. आजूबाजूच्या किती नवऱ्यांची बिंगं तिला ठाऊक होती, आणि ती सगळी तिनं नीट घडी घालून परत पाठवली होती. पण आपल्याच घरचं बिंग परक्याच्या कपड्यातून वर येईल असं तिच्या बापजन्मी मनात आलं नव्हतं. तिनं काखेजवळ पुन्हा फडकं टाकलं, पुन्हा इस्त्री फिरवली. तोच वास, आता जास्तच. तिनं इस्त्री विटेवर ठेवली आणि पदराला हात पुसले, पुसण्यासारखं हाताला काही लागलं नव्हतं तरी.

या घरात दोनच नियम होते आणि दोन्ही सासऱ्यांनी घालून दिलेले. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, हा पहिला. दुसरा, जळलं ते आपलं. कपडा करपला तर रडायचं नाही, लपवायचं नाही. गिऱ्हाइकाला नवा भरून द्यायचा आणि करपलेला आपण घरी न्यायचा. सासऱ्यांची नजर तरुणपणीच अधू झाली होती, त्यामुळे घरी बरंच काही यायचं. तिचा नवरा लहानपणी लोकांच्या करपलेल्या कपड्यांतच वाढला. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तांबूस त्रिकोण घेऊन तो गल्लीत फिरायचा आणि पोरं मागून फुंकर मारून म्हणायची, अजून धूर येतोय रे. हे त्यानं तिला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या हातात दुकान आल्यापासून या टेबलावर एक धागा करपला नव्हता. एकदा तिच्या हातून उशीच्या अभ्र्यावर पिवळट झाक आली, तर त्यानं तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, आणि मग स्वतः बसून लिंबू चोळून चोळून तो अभ्रा पांढरा केला. दोन्ही कामं सारखंच मन लावून केली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो हे तिला विचारावं. कधीकधी तो पालथा झोपलेला असला की त्याच्या उघड्या पाठीकडे ती बघत राही आणि तिच्या उजव्या हाताला इस्त्रीचं वजन जाणवे. नुसतं वजन, बाकी काही नाही. मग ती उठून पाणी पिऊन येई.

पण आत्ता नवऱ्याचा विचार नंतरचा होता. बारकी दुसऱ्याचे कपडे घालते, म्हणजे कुणासाठी तरी घालते. ही उडी तिच्या मनानं इतक्या झटकन घेतली की मधे पायरीच नव्हती. पोर चौदा सरून पंधराव्यात गेलेली. बारकी म्हणायचं ते मोठीपेक्षा धाकटी म्हणून. उंचीनं आईच्या कानाला लागलेली. दुपारी गठ्ठा घेऊन कपडे पोचवायला जाते ती दिवस कलता कलता येते. का गं उशीर, विचारलं की म्हणते, जिने चढून दमते, बसते कुठंतरी. बसते कुठं? कुणाबरोबर? इस्त्रीवालीच्या डोळ्यांपुढे एक पोरगा उभा राहिला. त्याला चेहरा नव्हता, नुसती दुचाकी होती आणि शीळ होती. मोठीच्या वेळी असंच झालं होतं. मोठी नळावर कुणाशी तरी बोलताना कुणाला तरी दिसली. बोलत होती की नुसती उभी होती, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद, आणि वर्षाच्या आत लग्न. लग्नाचे कपडे आईनंच इस्त्री केले होते, फडकं टाकून, सुरकुती राहू न देता. गेल्या खेपेला मोठी माहेरी आली ती जबडा बांधून. पातळ पेज वाटीनं ओठांच्या फटीतून ओढायची आणि डोळ्यांनी सांगायची, विचारू नको. दोन दिवस राहिली, परत गेली. बापानंच पोचवली. हिचं तसं होण्याआधी मीच हिचे पाय मोडते, असं इस्त्रीवाली मोठ्यानं बोलली. दुकानात कुणी नव्हतं.

तिनं पुन्हा फडकं हातात घेतलं आणि तेव्हा तिला ते दिसलं. रोज दिसत होतं, तरी आत्ता दिसलं. फडक्याच्या कोपऱ्यावर खिशाची शिवण होती. हा बारकीचाच जुना शर्ट. गेल्या वर्षी नवरा म्हणाला, धंदा वाढतोय, दुसरं टेबल टाकायचं आहे, आता पोरीला उभी करू. सातवीपर्यंत झालं ना, बास झालं, काय बॅरिस्टर व्हायचं आहे? त्याच दिवशी ओल्या फडक्याच्या फाटून चिंध्या झाल्या होत्या आणि तो म्हणाला, तो शर्ट काप. कात्री इस्त्रीवालीच्या हातात होती. बारकी दारात उभी राहून बघत होती. कापड जुनं झालेलं, फाडलं असतं तरी फाटलं असतं, पण हिनं नीट शिवणीवरून कापलं, कारण वेडंवाकडं कापायची सवयच नाही. तेव्हापासून रोज सकाळी हे फडकं बादलीत बुडवायचं, पिळायचं, लोकांच्या कपड्यांवर टाकायचं आणि त्याच्यावरून निखारे फिरवायचे. पिळताना मनगट कसं वळतं ते बघत तिनं ते पिळलं, आणि पाणी कोपरापर्यंत ओघळलं, आणि तिला बापाची कढई आठवली. आठवू नये म्हणून ती उभ्या जन्मात कधी काळं लुगडंसुद्धा नेसली नव्हती.

बाप रंगारी होता. सूत रंगवायचा. मागच्या पडवीत तीन कढया, त्यातली काळ्या रंगाची सगळ्यात मोठी. हिला शाळेतून घरी यायला उशीर होई, कारण वर्गातल्या बाई हिला धडा मोठ्यानं वाचायला लावत आणि हिला तो थांबवावासा वाटत नसे. बापाला सुताची लडी धरायला माणूस लागे. दोनदा बोलला, तिसऱ्यांदा बोलला नाही. आईला एवढंच म्हणाला, झाकण काढ. आईनं झाकण काढलं. हे इस्त्रीवालीला अजून तसंच्या तसं दिसतं. बापाचा चेहरा पुसट झाला आहे. दिसते ती आई, ओल्या फडक्यानं कडी धरून झाकण उचलणारी, वाफ तोंडावर आली म्हणून मान वळवणारी. वाफेसाठी मान वळवली, की दुसऱ्या कशासाठी, हे विचारायच्या आधी आई मेली. बापानं हिचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत दाबले आणि म्हणाला, जा आता, दाखव तुझ्या बाईला. रंग उकळता नव्हता, पण निवलेलाही नव्हता. ती खरंच गेली होती शाळेत. कातडी सुटलेले काळे हात घेऊन बाकावर बसली होती. पोरी हसल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्या सरकून बसल्या. बाईंनी पुस्तक पुढे केलं आणि हिला ते धरता येईना. त्यानंतर ती आपणहून गेली नाही. रंग निघून गेला, कातडी ताणलेली आणि गुळगुळीत राहिली, आणि त्या कातडीला चटका लवकर कळत नाही. सोयरीक जमवताना सासरे खूश झाले होते. म्हणाले, हिचे हात आपल्या धंद्याचे आहेत.

दारात चपला वाजल्या. बारकी रिकामा गठ्ठ्याचा कपडा खांद्यावर टाकून आत आली, माठाकडे वळली आणि टेबलावरचा शर्ट बघून वळता वळता थांबली. एवढंच झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तिच्या तोंडावर स्वच्छ पडलं होतं.

"आजच कशाला काढलास हा?" बारकी म्हणाली. "शनिवारी द्यायचा होता ना."

"दुपारची कुठं असतेस?"

"पोचवायला."

"कोण आहे तो?"

"कोण तो?"

लाकडी हँगर हाताशी होता. पहिला फटका दंडावर बसला, दुसरा खांद्यावर. लाकूड हाडावर बसलं की कोरडा आवाज येतो, तो दुकानभर झाला, आणि इस्त्रीवालीला त्या आवाजानं आणखीच चेव आला. तिसऱ्यांदा हँगरचा आकडा पोरीच्या गालावरून ओढला गेला आणि लाल रेघ उमटली, मग रेघेचे थेंब झाले. बारकी रडली नाही. कोपर वर धरून उभी राहिली, आणि टेबलावरच्या कपड्यांवर रक्त पडू नये अशा बेतानं मागे सरकली. धंद्यातली पोर ती. तिचं ते सरकणं बघून आईचा हात हवेतच राहिला.

"शाळेत जाते," बारकी म्हणाली.

"काय?"

"शाळेत. दुपारच्या पाळीला. त्यांची मुलगी त्याच शाळेत सकाळच्या पाळीला असते, तिचे दोन जोड आहेत. एक तिच्या अंगावर, एक आपल्याकडे. आपल्याकडचा घालते आणि येऊन बादलीत खळबळून वाळत टाकते."

"तुझं नाव काढलंय शाळेतून."

"बाबांनी काढायला सांगितलं होतं. कुणी काढलंच नाही. राहिलंय तसंच. दारावरचा माणूस तोंड बघत नाही आई, कपडे बघतो. शर्ट पांढरा आणि स्कर्ट निळा असला की जा आत."

इस्त्रीवालीनं पुन्हा एक फटका मारला. हा का मारला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पोरगा नाही म्हणून जीव भांड्यात पडला होता, आणि तो पडताना इतका जोरात पडला की हात चालला. पोरगा असता तर सोपं होतं. पोरग्याला हाकलता येतं, पोरीला कोंडता येतं, नाहीतर उजवून टाकता येतं, त्याच्या सगळ्या वाटा मळलेल्या आहेत. शाळेचं काय करायचं? परक्याचा शर्ट घालून, घामाघूम होऊन, येऊन तो स्वतःच धुऊन वाळत टाकणाऱ्या पोरीचं काय करायचं? आपलेच दात आपलेच ओठ. तिला एकदम हसूही आलं, की वर्षभर आपल्या नाकाखालून ही पांढरीशुभ्र जात होती आणि आपण लोकांच्या नवऱ्यांची अत्तरं हुंगत बसलो.

"आज परीक्षा आहे," बारकी म्हणाली. गालावरचं रक्त तिनं हाताच्या पाठीनं पुसलं. "वार्षिक. आज गणित. गणिताच्या बाईंना कळलंय. काही बोलल्या नाहीत, नुसतं मला पुढच्या बाकावर बसवलं. म्हणाल्या, एवढी परीक्षा दे, मग तुझं नाव काढायला कुणी आलं तर माझ्याकडे पाठव. नाही बसले तर मात्र जाईल नाव. मग नाही घेत परत." थोडं थांबून म्हणाली, "शर्ट दे ना आई. आजचा दिवस दे."

इस्त्रीवाली काही बोलणार होती. काय, ते तिला पुढे कधी आठवलं नाही, कारण तेवढ्यात नवरा आत आला. तो ओरडत आला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो शांत होता. कोळशाचं पोतं त्यानं कोपऱ्यात टेकवलं, हात झटकले आणि कपडे मोजून घ्यावेत तशा आवाजात म्हणाला, "चौथ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या जिन्यात. म्हणाल्या, मुलीचा शाळेचा जोड तुमच्याकडून घामट येतो. कुणीतरी घालतं म्हणाल्या. जोड आत्ताच्या आत्ता पाठवा, इस्त्री नसली तरी चालेल. चार माणसांत म्हणाल्या." मग त्यानं बारकीच्या गालाकडे बघितलं, बायकोच्या हातातल्या हँगरकडे बघितलं, आणि मान हलवली. "तू आधीच विचारलेलं दिसतंय. बरं केलंस."

हे ‘बरं केलंस’ तिच्या अंगावरून पालीसारखं गेलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला कशालाच बरं म्हटलं नव्हतं. तिनं हँगर खाली टाकला. नवऱ्यानं बारकीचं मनगट धरलं, तिला टेबलाशी आणलं आणि तिचा उजवा पंजा टेबलावरच्या घोंगडीवर दाबून पसरला, बाहीची घडी बसवतात तसा, बोटं सरळ करत. पोरीनं हात ओढला नाही. ओढून सुटत नाही हे तिला माहीत होतं. ती नुसती आईकडे बघत होती.

"अहो," इस्त्रीवाली म्हणाली.

"एकदाच. जन्मभर लक्षात राहील," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या कपड्याला हात लावताना आधी स्वतःचा हात दिसेल." आणि मग, रोज कामाच्या घाईत म्हणतो त्याच आवाजात, मान वर न करता, त्यानं मोकळा हात मागे केला. "इस्त्री आण."

झाकण काढ. तिनं विटेवरून इस्त्री उचलली. निखारे फुललेले होते, मुठीचं लाकूड कोमट झालं होतं. दोन पावलांचं अंतर होतं, आणि त्या दोन पावलांत तिला आईची मान दिसली. वाफेपासून वळवलेली. इतकी वर्षं तिनं त्या मानेचा राग केला होता, बापाचा केला नव्हता इतका. आत्ता कळलं की मान वळवायला काहीच लागत नाही. इस्त्री त्या पसरलेल्या हातात द्यायची आणि वाफ आली म्हणून तोंड फिरवायचं. पाय तिकडे चाललेच होते. सवयीचे पाय. नवऱ्याची पाठ तिच्यापुढे होती, घामानं भिजलेल्या शर्टाची, खांद्याची हाडं वर आलेली, आणि इस्त्रीचं वजन हातात होतं, आज खरोखरच होतं. तिनं ती पाठ बघितली. तिला वाटलं, टेकवावी. तिला हेही वाटलं की टेकवली तर पोर आज गणिताला जात नाही, पोलिसात जाते.

मग तिनं टेबलाला वळसा घातला आणि पलीकडे उभी राहिली. ओलं फडकं उचलून जमिनीवर टाकलं. निळा स्कर्ट उलगडला, मागची एक चुणी उघडली, चुणीच्या आतल्या घडीवर शर्टाचं खालचं टोक आणून ठेवलं, जे अंगात घातल्यावर आत खोचलं जातं तेवढंच टोक, आणि त्याच्यावर थेट, फडक्याशिवाय, इस्त्री ठेवली. आणि हात थांबवला. हात उचलू म्हणाला. तिनं उचलू दिला नाही. डाव्या हातानं उजवा हात दाबून धरला. आधी काहीच झालं नाही, मग कापड चुरचुरलं, मग धूर आला, पिवळा, डोळ्यांत जाणारा, आणि घाण वास सुटला. त्यात बारकीचा वास कुठल्या कुठे गेला.

नवऱ्यानं मान वर केली. त्याला आधी कळलंच नाही. त्यानं धुराकडे बघितलं, मग इस्त्रीकडे, मग त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला, आणि पोरीचं मनगट सोडून त्यानं दोन्ही हातांनी शर्ट ओढला. इस्त्रीवालीनं इस्त्री उचलून धरली. पांढऱ्या टोकावर तांबूस त्रिकोण उमटला होता, कडा काळ्या. त्रिकोण शर्टातून जाऊन चुणीलाही लागला होता. त्यानं त्याच्यावरून बोट फिरवलं. त्याचा चेहरा असा झाला की जणू गल्लीतली पोरं पुन्हा त्याच्या मागे येऊन उभी राहिली असावीत. तिला त्याची दया आली. ती आली म्हणून तिचा हात मात्र खाली आला नाही.

"हे काय केलंस?"

"जळलं," ती म्हणाली.

"तू मुद्दाम..."

"जळलं ते आपलं. तुमच्याच वडिलांचा शब्द आहे. चौथ्या मजल्यावर मी जाते, माझ्या हातून जळलं म्हणून सांगते. भरून देऊ नवा जोड. हा आपला झाला." मग तिनं पोरीकडे न बघता सांगितलं, "घाल. आणि शर्ट नीट आत खोच."

बारकीनं बापाच्या हातातून शर्ट घेतला. त्यानं दिला असं नाही; त्याच्या बोटांत जोरच नव्हता. तिनं माठाच्या आडोशाला जाऊन कपडे बदलले, कोरड्या हातानं केस मागे घेतले. कापड अजून गरम असावं, कारण स्कर्ट बांधताना तिनं ओठ चावला. ती बाहेर आली तेव्हा कुठं काही दिसत नव्हतं. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, आणि गालावर रेघ.

तेवढ्या वेळात नवऱ्याच्या हातांत जोर परत आला होता. तो टेबलाला वळसा घालून येऊ लागला, सावकाश, त्या अभ्र्याच्या दिवशी आला होता तसा. तिनं इस्त्री दोघांच्या मधे छातीइतक्या उंचीवर धरली. कोळशाची इस्त्री अशी धरून ठेवायची नसतेच, मनगट मोडतं, राख हातावर गळते. राख गळली. कातडीला काही कळलं नाही. सासरे खरं बोलले होते, हात धंद्याचे होते.

"बाजूला ठेव ती," नवरा म्हणाला.

"ठेवते."

"ठेव म्हणतो ना."

"आई," बारकी दारातून म्हणाली.

"पेपर लिही जा. मागे बघू नको."

बारकी पायऱ्या उतरली. रस्ता दुकानापासून कोपऱ्यापर्यंत सरळ होता. आधी चांभाराचं दुकान, मग किल्ल्या करणारा, मग पाण्याची टाकी. इस्त्रीवालीला नवऱ्याच्या खांद्यावरून तो दिसत होता. नवरा हातभर अंतरावर थांबला होता आणि त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. पोर आधी चालत होती, चांभाराच्या पुढे गेल्यावर पळू लागली, आणि पळताना एक हात मागे कमरेवर दाबून धरत होती, शर्ट बाहेर येऊ नये म्हणून. टाकीशी ती वळली आणि दिसेनाशी झाली.

मग इस्त्रीवालीनं इस्त्री विटेवर ठेवली, तोंड दरवाजाकडे असेल अशी, जशी रोज ठेवते, आणि नवऱ्याकडे वळली.